शेरा : पान बंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ऑफिसात तर नाहीच. एक लिंक, एक चुकीचा शेरा – त्यात सांगण्यासारखं काय आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. पण परवा कपाट आवरताना प्रसन्नचे हेडफोन हाताला लागले आणि मी खालीच बसले. फरशीवर. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे एका अर्थी बरंच आहे.

मी सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहिते. गुडगावात काचेच्या इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या, तेव्हा पुण्याहून नोकरीला आले आणि दिल्लीत मुनिरकात एक खोली घेतली – खिडकी उघडली की हाताला समोरच्या घराची भिंत लागायची. ऑफिसात मराठी बोलणारा एकच होता, प्रसन्न साळवे. साळवे मूळचे नगरचे. आई केंद्र सरकारच्या नोकरीत, वडील लवकर गेलेले, आणि हा वाढलेला दिल्लीतच, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मी म्हणाले, ‘उबग आलाय या उन्हाचा’, की हा विचारणार, ‘उबग मतलब?’

पहिल्याच रविवारी त्याने मला घरी जेवायला नेलं. साळवे काकूंनी कोण, कुठली, काहीही विचारलं नाही, थेट ताट वाढलं. मग तो दर रविवारचा नेमच झाला. सकाळी चर्च, तिथून आल्यावर काकूंच्या पोळ्या, आणि पहिली पोळी नेहमी माझ्या पानात. मला कावीळ झाली तेव्हा काकूंनी मला मुनिरकातून उचलून आणलं आणि तीन आठवडे घरी ठेवून घेतलं. सख्खी मावशी करणार नाही इतकं केलं. हे आधी सांगते आहे, कारण पुढचं ऐकताना ते तुमच्या लक्षात राहायला हवं.

आमचं सॉफ्टवेअर कारखान्यांतल्या यंत्रांसाठी होतं. ते कसं बसवायचं, हे प्रसन्नने स्वतःच्या आवाजात सांगून रेकॉर्ड केलं होतं. तेव्हा कंपनीच्या वेबसाइटवर असलं काही ठेवायची सोय नव्हती, म्हणून त्याने ते इंटरनेटवरच्या स्वतःच्या पानावर टाकलं आणि मॅन्युअलमध्ये त्याची लिंक दिली. सहा-सात मिनिटांचं रटाळ इंग्रजी – इथे क्लिक करा, आता थांबा, आता पुन्हा क्लिक करा. पण रेकॉर्डिंग घरी केलेलं, रविवारी. त्यामुळे शेवटी शेवटी मागून काकूंची हाक येते, ‘प्रसन्न, पोळी गार होतेय!’ आणि हा पठ्ठ्या तिथल्या तिथे ओरडतो, ‘आलो गं आई!’ ऑफिसात आम्ही हसून हसून बेजार. पुन्हा रेकॉर्ड कर म्हटलं, तर म्हणतो, ‘रहने दो यार, घर का टच है.’

त्याला डेंग्यू झाला. आठ दिवसांत गेला. एकतीस वर्षांचा होता.

त्यानंतर काकूंनी एक सवय लावून घेतली. त्या नोकरीला होत्या त्या मंत्रालयात वेळेच्या आधी पोचायच्या, तिथल्या कॉम्प्युटरवर वेबसाइटवरचं आमचं मॅन्युअल उघडायच्या, त्यातल्या त्या लिंकवर क्लिक करायच्या आणि कानाला त्याचेच हेडफोन लावून ते सगळं ऐकायच्या. सॉफ्टवेअरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मला एकदा म्हणाल्या होत्या, ‘तो मला ओ देतो गं. रोज देतो.’ वर्षानुवर्षं हे चाललं होतं, आणि मला ते माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मग ऑफिसात ते काम आलं. सगळ्या मॅन्युअलांतल्या लिंका सुरक्षित पत्त्यांवर न्यायच्या – ज्या पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसतं, त्या. काम माझ्याकडे आलं, कारण मी टापटिपीची म्हणून प्रसिद्ध. होतेच मी तशी! दुसऱ्याच्या मॅन्युअलमधला एक जास्तीचा पूर्णविराम मला खुपायचा. मी एका फटक्यात सगळे पत्ते बदलून टाकले. बहुतेक उघडले. साठेक उघडले नाहीत.

नियम साधा होता. जो नवा पत्ता उघडत नाही, त्याचा जुना पत्ता हाताने उघडून बघायचा. पान जिवंत असेल तर जुनीच लिंक ठेवायची आणि यादीत कारण लिहायचं. मेलेलं असेल तर लिंक काढायची आणि शेरा मारायचा – ‘पान बंद’. साठ पानं उघडायला लागून लागून किती वेळ लागला असता? एक दुपार. मी पहिली पाच-सहा उघडली. बंद होती. मग सगळी तशीच असणार असं धरून चालले आणि खालपर्यंत एकच शेरा ओढला. पाट्या टाकल्या. संध्याकाळी साहेबांची शाबासकी आली, सगळ्यांसमोर.

त्या साठात प्रसन्नचं पान होतं. ती ओळ मी वाचलीसुद्धा नव्हती.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. मॅन्युअलमध्ये ती लिंक दिसत नाही, आपल्याच हातून काही दाबलं गेलं का, म्हणून घाबरल्या होत्या. मी यादी उघडली, माझाच शेरा वाचला आणि सांगितलं, ‘काकू, ते पानच बंद झालंय.’ इथवर ती चूक होती, असं म्हणता येईल. पण काकूंनी विचारलं, ‘कुठे जुनी कॉपी वगैरे असेल का गं?’ आणि मी म्हणाले, ‘मी सगळीकडे शोधलं, काकू. कुठेच नाही.’

मी कुठेही शोधलं नव्हतं. खुर्चीवरून उठलेसुद्धा नव्हते. का म्हणाले तसं? समोर चहा होता, पाच मिनिटांनी मीटिंग होती – आणि मी कधी काही अर्धवट करत नाही, असं सगळ्यांना वाटायचं. काकूंनाही.

त्या म्हणाल्या, ‘अच्छा... चलो, तू शोधलंस म्हणजे नसेलच.’

तीन आठवडे गेले. मानेसरच्या एका कारखान्यातून एका इंजिनिअरचा फोन आला. नव्या मॅन्युअलमधून आवाजाची लिंक गायब आहे, नव्या पोरांना तीच ऐकवतो आम्ही, अशी तक्रार. मी माझ्या ठरलेल्या आवाजात सांगितलं, वो पेज बंद हो चुका है. तो म्हणाला, ‘नहीं मैडम, हमारे पास पुरानी छपी हुई किताब है. उसमें जो पता है, वो डाला तो चल रहा है. अभी सुन के आया हूँ.’

मी फोन ठेवला. जुनं छापील मॅन्युअल काढलं आणि त्यातला पत्ता हाताने टाईप केला.

पान उघडलं. प्रसन्न बोलायला लागला.

दिवसाढवळ्या, भरल्या ऑफिसात, शेजारी कुणीतरी समोसे वाटत होतं – आणि हा मला सांगतोय, आता इथे क्लिक करा. पान कधीच मेलेलं नव्हतं. त्याला फक्त तो कुलपाचा नवा पत्ता नव्हता. तीन आठवडे ते होतं तिथेच होतं, आणि त्याच्या आईला मी सांगून बसले होते की ते कुठेच नाही. मी शेवटपर्यंत ऐकलं. ‘आलो गं आई.’

आता फोन करायचा, एवढंच उरलं होतं ना? ‘काकू, सापडलं.’ दोन शब्द. मी फाइल लगेच उतरवून घेतली आणि फोन हातात घेतला. आणि मग वाटलं, त्या विचारतील, कुठे सापडलं? मग काय सांगू – होतं तिथेच होतं, मी बघितलंच नव्हतं? तुम्हाला वाटेल, एवढ्यासाठी? हो. एवढ्यासाठीच. उद्या करू म्हटलं. मग परवा. ऑफिसातली यादीही मी दुरुस्त केली नाही, कारण एक ओळ बदलली असती तर उरलेल्या सगळ्या ओळींबद्दल विचारणा झाली असती. मानेसरच्या त्या भल्या माणसाला लिहून कळवलं की आवाजाची सोय आता बंद केली आहे. काही महिन्यांनी, प्रसन्नने आगाऊ पैसे भरून ठेवलेली पानाची मुदत संपली आणि ते खरंच बंद झालं. माझा शेरा खरा ठरला. आणि मला – कसं सांगू हे – मला सुटल्यासारखं वाटलं.

त्याच वर्षी काकू निवृत्त झाल्या. क्वार्टर सोडून नगरला भावाकडे निघाल्या होत्या. मी ऑफिसातून थेट सामान बांधायला गेले, लॅपटॉप खांद्यालाच होता. भांडी कागदात गुंडाळून झाली, तेव्हा त्यांनी एका डब्यातून प्रसन्नचे हेडफोन काढले. ‘तू तरी वापर. मला आता ऐकायला काय आहे?’

फाइल माझ्या लॅपटॉपमध्ये होती. आमच्या दोघींच्या मध्ये एक खोकं होतं, त्या खोक्यावर माझी बॅग होती आणि बॅगेत तो आवाज होता. मी हेडफोन घेतले. थँक्यू काकू, म्हणाले.

नगरहून अधूनमधून फोन यायचा. शेवटच्या फोनवर बोलता बोलता त्या म्हणाल्या, ‘प्रसन्नचा चेहरा फोटोत आहे गं, तो दिसतो. आवाज आठवत नाही. डोळे मिटून बसते, तरी येत नाही. आई असून असं कसं झालं माझं?’

स्वतःला दोष देत होत्या त्या. आणि मी काय म्हणाले? ‘वयाने होतं काकू असं.’ फाइल पाठवायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्यांच्या भाचीच्या फोनवर ती आली असती. मी गॅस बंद केला आणि भाजीत मीठ टाकलंय की नाही, ते चाखून बघितलं.

पुढच्या महिन्यात भाचीचा फोन आला, काकू गेल्या म्हणून. दफनाला मी गेले होते. पुढे उभी होते. सगळे मला प्रसन्नची मैत्रीण म्हणून सांभाळून घेत होते.

परवा ते हेडफोन मी लॅपटॉपला लावले. अजून चालतात. त्याने पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं, मग मागून काकूंनी हाक मारली, आणि तो म्हणाला, ‘आलो गं आई.’ ते ऐकायला आता मी एकटीच उरले आहे.