भाव विचारायला शिकवणारे सर

मालूताईंचा फोन आला तेव्हा मी बाळकुमच्या भाजीबाजारात उभी होते. "दादा गेला गं," एवढंच त्या म्हणाल्या. हातातली मेथी तशीच ठेवून मी घराकडे निघाले... आज त्याला महिना झाला. वैद्य सर आणि त्यांची बहीण मालूताई आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. एका निर्यात कंपनीचा स्पॅनिश पत्रव्यवहार सांभाळून सर निवृत्त झालेले. आमची ओळख जिन्यात हसण्यापुरतीच.

गेल्या वर्षी जहाजावर नोकरी करणारा माझा मुलगा निखिल स्पेनमधल्या एका बंदरात जहाजाच्या शिडीवरून पडला. कमरेचं हाड मोडलं. यांना डॉक्टरांनी प्रवासाची मनाई केलेली, म्हणजे जायचं मलाच, तेही एकटीने. उपचार त्याची जहाज कंपनी करणार होती; माझं राहणं-खाणं मला बघायचं होतं. मी तर रिक्षावाल्याशीसुद्धा कधी घासाघीस केलेली नाही. तिथे कोणी लुबाडलं तर? पैसे संपले तर? व्हिसा येईपर्यंत जेमतेम अठरा दिवस हातात होते. रडतच सरांचं दार वाजवलं.

"सगळी भाषा नको," सर म्हणाले. "भाव विचारता आला की परक्या गावात माणूस उभा राहतो."

मग रोज संध्याकाळी ते दुकानदार आणि मी गिऱ्हाईक. 'कारो' म्हणजे महाग, 'बारातो' म्हणजे स्वस्त. 'सेसेंता' साठ आणि 'सेतेंता' सत्तर, या दोघांनी तर माझा जीव खाल्ला. भाव विचारायची वेळ आली की मी मान खाली घालायचे. "अहो, लाजता काय? विचारायला पैसे पडत नाहीत!" सर खेकसायचे, आणि मालूताई आतून चहा पाठवायच्या.

तिथे खोलीच्या मालकिणीने भाडं सांगितलं. साठ की सत्तर, कळेना. "मूय कारो," मी कसंबसं म्हटलं... फार महाग. आवाज असा फुटला की बाई चपापली आणि तिने पाच युरो कमी केले. फोनवर हे ऐकून सर लहान मुलासारखे हसले. निखिल आता काठी घेऊन चालतो.

दोन महिन्यांपूर्वी सरांना ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात ठेवलं. बिलाचा आकडा रोज वाढत होता; मालूताई कागद पुन्हा पुन्हा उलटून बघायच्या. एका दुपारी त्या उशाशी असताना सरांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि मला विचारलं, "कुआंतो एस?" किती झाले? ताईंना कळू नये म्हणून स्पॅनिशमध्ये, असं मला वाटलं. "बारातो," मी म्हटलं. "उच्चार सुधारलाय," सर म्हणाले, आणि मास्क परत लावला. तिसऱ्या दिवशी ते गेले.

जाणाऱ्या माणसाशी मी खोटं बोलले... त्यांनी ते खरं मानलं असेल का? हे मनातून जाईना. गेल्या आठवड्यात सरांच्या खोलीत बसून शेवटी मालूताईंना सांगून टाकलं.

"अगं, त्याला आकडा ठाऊक होता," ताई म्हणाल्या. "त्याच दिवशी सकाळी माझ्याकडून काढून घेतला होता."

"मग मला का विचारलं?"

ताई उठल्या आणि सरांच्या रिकाम्या पलंगावरची चादर सरळ करू लागल्या. कुठे सुरकुती नव्हती, तरी करत राहिल्या.

"तुझी काळजी वाटली असेल," त्या म्हणाल्या. "त्याला धीर दिल्याचं समाधान तुला मिळावं, म्हणून विचारलं असेल. आमचे चेहरे तो बघतच होता ना."