चार गाईडं आणि मळलेल्या कडा

मंडळी, आज जीव भांड्यात पडला.

माझी पुतणी स्नेहल शेअर ब्रोकरच्या ऑफिसात लागलीय. परवान्याची परीक्षा पास झाली तरच नोकरी पक्की. परीक्षा पंधरा दिवसांवर, आणि तीन महिने हिचं एकच, "काका, कुठलं पुस्तक चांगलं?" टेबलावर चार पुस्तकं, वर मोबाईलमध्ये पीडीएफचा ढीग!

दुपारी शेवटी तिला माझी फजिती सांगितली. ऐंशीच्या दशकात बँकेच्या परीक्षेसाठी मीही चार गाईडं घेतली होती. सपशेल नापास झालो. निफाडहून एसटीने नाशकात आलो आणि ती गाईडं विकायला जुन्या पुस्तकवाल्यापुढे ठेवली. त्यानं एकही पान उघडलं नाही, नुसत्या कडा पाहिल्या.

"चारही सुरुवातीला बोटभरच मळलीत. तीन ठेवा इथं. एक घरी न्या आन् शेवटपर्यंत मळवा."

तेच केलं, आणि पुढच्या खेपेला बँकेत लागलो.

ऐकून स्नेहल टेबलाकडे गेली. तिनं आपली पुस्तकं आडवी धरून कडा पाहिल्या. मग तीन माझ्या पिशवीत कोंबली आणि चौथं घेऊन आत जाऊन बसली.

तीन तास झाले, चहालासुद्धा बाहेर आलेली नाही.

तुमच्या पुस्तकांच्या कडा कुठवर मळल्यात? खरं सांगा हं.