माझी सुरी लांब, विहीणबाईंची आखूड

बारा वर्षांपूर्वी मी बासष्टची होते, म्हणजे अगदीच अजाण. त्या वयात बाईला वाटतं की आपल्याला आता सगळं कळतं. मला तर जरा जास्तच वाटायचं. त्या बासष्टच्या बाईची आठवण झाली की मला हसू येतं. तिच्या पोटात कशाने दुखत होतं ते आठवलं की मात्र अजूनही माझंच दुखतं.

दुखण्याचं कारण होतं विहीणबाई. माझ्या सुनेची आई. उत्तर मिशिगनमध्ये शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, माझ्यापेक्षा वीतभर उंच, कायम चौकड्यांच्या शर्टात. नवरा गेल्यावर एकटीच राहायची, एकटीच लाकडं फोडायची, आणि नोव्हेंबर आला की बंदूक घेऊन हरणाच्या मागावर जंगलात जायची. यातल्या कशालाच माझी हरकत नव्हती. हरकत एवढीच की आमची नात एक आणि आज्या दोन.

नात शाळेच्या दिवसांत माझ्याकडे असायची, डेट्रॉइटजवळ ट्रॉयला. मी तिला शुभंकरोति शिकवायचे, मोदकाच्या कळ्या पाडायला बसवायचे, आणि ती जांभया द्यायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती विहीणबाईंकडे जायची आणि परत यायची ती नाकाची सालं निघालेली, गुडघे फुटलेली आणि अंगात वारं भरल्यासारखी. मग पुढचे दोन महिने प्रत्येक वाक्याची सुरुवात "ग्रॅमा सेज." ग्रॅमा म्हणते वाऱ्याच्या विरुद्ध चालायचं. ग्रॅमा म्हणते दोन पावलं टाकायची आणि थांबायचं. मी वरण घोटत ऐकायचे. रवी त्या दिवसांत फार जोरात फिरायची.

तेराव्या वर्षी नातीने शिकारीच्या सुरक्षिततेची परीक्षा दिली आणि पास झाली. त्या नोव्हेंबरात ती पहिल्यांदा ग्रॅमाबरोबर हरणाच्या मागावर जाणार होती. बंदूक ग्रॅमाचीच, पण सुरी ज्याची त्याची हवी, असा त्यांच्या घरचा रिवाज. विहीणबाईंनी मला फोन केला. "तू पण चल. तिघी मिळून निवडू." इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण त्यांचं 'यू' मला नेहमी एकेरीच ऐकू यायचं. बोलावलं नसतं तर मी रुसले असते. बोलावलं म्हणून जास्तच रुसले, कारण आता मोठेपणाही त्यांनाच मिळाला.

दुकान हायवेच्या कडेला, विमान मावेल एवढं. सुऱ्यांचं काउंटरच आमच्या दिवाणखान्याएवढं. विहीणबाईंनी पर्समधून खायच्या तेलाची छोटी बाटली काढली, काउंटरवरच्या माणसाला विचारलं आणि नातीच्या तळव्याला तेल फासलं. "आता धर एकेक. तेलकट हातातून जी सटकते ती परत ठेव. तिथे हात याहून वाईट असतील."

अर्ध्या सुऱ्या तिथेच बाद झाल्या. मिटणाऱ्या त्यांनी स्वतःच बाजूला केल्या: सांध्यात रक्त आणि चरबी जाते, मग धुतली तरी निघत नाही. शेवटी राहिली एक चार बोटं पात्याची, रबरी मुठीची, भडक नारिंगी रंगाची. पाचोळ्यात पडली तरी सापडावी म्हणून नारिंगी. एक सुरी सगळ्या कामाला पुरते म्हणाल्या, पोट उघडायला, कातडं सोडवायला, दोर कापायला आणि जेवताना सॉसेज कापायलासुद्धा.

मला ती सुरी कंपासपेटीतून पडल्यासारखी वाटली. काचेच्या कपाटात दुसरी होती. नऊ इंची, पाठीला करवतीचे दात, मूठ शिंगाची.

"ही बघ," मी नातीला म्हणाले. "हिच्यापुढे वाघ उभा राहणार नाही."

"वाघ नाही मारायचा, हनी," विहीणबाई म्हणाल्या. "मेलेल्या हरणाचं पोट उघडायचंय. टोक नखाएवढंच आत जायला हवं, बाकीचं काम बोटांनी. एवढ्या लांब पात्याचं टोक आत कुठवर गेलंय तेच कळत नाही. आतडं फुटलं की मटण वाया."

हे ऐकून मी गप्प झाले, पण पटलं म्हणून नव्हे. मी मालवणकडची. आठव्या वर्षी आईने मला विळीवर बसवून सुरमई साफ करायला शिकवलं होतं. टोक नखाएवढं आत, बाकी बोटांनी, पित्त फुटलं की अख्खा मासा कडू. शब्दाला शब्द तेच. शहाणी बाई म्हणाली असती, अगं, हे तर माझ्या आईचं वाक्य, आणि गळ्यात पडली असती. मला वाटलं, नात घेतली ती घेतली, आता आईही घेतली.

नातीने नारिंगी सुरी निवडली.

आठवड्याने दसरा होता. आदल्या दिवशी मी यजमानांना गाडी काढायला लावली आणि त्याच दुकानातून ती नऊ इंची सुरी आणली. यजमान आयुष्यभर मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होते, हत्यारातलं त्यांना कळतं. म्हणाले, "अगं, पोरीने काय शहाळी सोलायचीत?"

"तुम्ही रस्त्याकडे बघा," मी म्हणाले.

दसऱ्याला आमच्याकडे पाटावर सरस्वती काढतात आणि शेजारी घरातली हत्यारं मांडतात. हत्यारं म्हणजे गाड्यांच्या किल्ल्या, मुलाचा लॅपटॉप, यजमानांचा जाडी मोजायचा जुना कॅलिपर. त्यांच्या मधोमध मी सुरी ठेवली. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि नातीच्या हातात दिली. "पूजा झालीय आता. पूजेचं शस्त्र घरी ठेवून शिकारीला जात नाहीत."

"आई, असं काही नसतं यार," मुलगा म्हणाला.

"तुला काय माहीत? तू पूजेला मोजे घालून बसतोस."

असं खरंच काही नसतं. तो नियम मी त्याच मिनिटाला केला होता. नातीने आधी सुरीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ओके, आजी." पोरीला सगळं कळलं होतं. मला मात्र त्या 'ओके'चा इतका आनंद झाला की मी दोन वेळा श्रीखंड घेतलं.

नोव्हेंबरात मीही विहीणबाईंच्या जंगलातल्या केबिनवर गेले. काय तर म्हणे बर्फ बघायला. ट्रॉयमध्ये चाळीस वर्षं बर्फ फावड्याने उपसलेली बाई बर्फ बघायला तीन तास लांब गेली, आणि कोणी हसलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. सकाळी त्या दोघी गेल्या. मी नारिंगी जाकीट घालून खिडकीशी चहा पीत बसले. जाकीट एवढं मोठं होतं की बसले तरी ते उभंच राहायचं. दोन तासांनी एकच बार ऐकू आला. मग बराच वेळ काही नाही. मग विहीणबाई एकट्याच येताना दिसल्या आणि माझा चहा सांडला.

"ठीक आहे ती," दारातूनच म्हणाल्या. "हरीण पडलंय. तू तिथे असावीस असं तिला वाटतंय."

हे खरंच नात म्हणाली होती की या मला दान देत होत्या, याचा विचार करत मी त्यांच्या पावलांत पाऊल टाकत गेले.

हरीण सुकलेल्या नेच्यांत पडलं होतं. नातीने परवान्याची चिठ्ठी त्याला बांधली होती. ती रडून गेली होती, गाल पुसलेले होते. पट्ट्याला दोन सुऱ्या, उजवीकडे नारिंगी आणि डावीकडे माझी, जवळजवळ गुडघ्यापर्यंत लोंबणारी. विहीणबाईंनी हरीण पाठीवर वळवून धरलं. नातीने माझ्याकडे पाहिलं आणि डावीकडची सुरी काढली.

विहीणबाईंची नजर त्या सुरीवर गेली. त्या बोलल्या असत्या तर मी भांडले असते, आणि भांडायला मला आवडलं असतं. त्या नुसत्या हरणाचा पाय धरून उभ्या राहिल्या. म्हणजे मी जिंकले होते. इतकी वर्षं ज्यासाठी जळले ते माझ्यासमोर घडत होतं.

नातीने वाकून पातं टेकवलं. टोक कातड्याखाली गेलं आणि दिसेनासं झालं. मग वीतभर पलीकडे कातडं आतून उचललेलं दिसलं. त्याखाली काय असतं ते मला माहीत होतं. आणखी दोन बोटं आणि आतडं फुटणार. मग या पोरीला जन्मभर पहिलं हरीण म्हटलं की ती घाण आठवणार, आणि आपण नासवलं असं वाटणार. आणि हे सगळं ती कोणासाठी करत होती, तर माझं तोंड पडू नये म्हणून.

"थांब," मी म्हणाले. "ती काढ बाहेर, सावकाश. ग्रॅमाची नारिंगी घे."

"बट पूजा…"

"तो नियम खोटा होता. मी केलेला."

तिने सुरी बाजूला ठेवली आणि असा श्वास सोडला की मला माझीच लाज वाटली. मी हातमोजे काढले, बर्फात गुडघे टेकले, तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवली. नखाएवढं टोक आत, धार वर, दोन बोटं खालून आतडं दाबून धरायला. कातडं चेन उघडावी तसं उघडत गेलं. आत सगळं शाबूत, वाफाळणारं. पुढचं तिने एकटीने केलं, मी नुसती "हळू, हळू" म्हणत होते.

ती हात धुवायला ओढ्याकडे गेली तेव्हा विहीणबाईंनी विचारलं, "कुठे शिकलीस?"

"मासे. आईने शिकवलं."

"मग दुकानात का बोलली नाहीस?"

खोटं बोलायला दुसरं काही सुचेना. "मला तुझा राग यायचा," मी म्हणाले.

"ते दिसत होतं." त्यांनी सुरी बर्फाने पुसली. "उन्हाळाभर ती माझ्याकडे काय बोलते माहितीय? आजी असं करते, आजीकडे असं असतं. माझ्या पॅनकेकला नावं ठेवते, आजीचे घावन जाळीदार असतात म्हणून. मला काय गुदगुल्या होतात?"

हे ऐकून मला जो आनंद झाला तो सभ्य बाईला होऊ नये. मी मान खाली घालून हरणाकडे बघत राहिले, म्हणजे चेहरा दिसणार नाही.

दुपारी केबिनवरून पिकअपमधून परतताना नात आम्हा दोघींच्या मध्ये बसली आणि पाच मिनिटांत झोपली, विहीणबाईंच्या खांद्यावर. गाडी चालवणाऱ्याच्या खांद्यावर झोपू नये, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. समजूतदार झाले होते ना. पुढच्या वळणावर मात्र मी तिला हळूच माझ्या बाजूला ओढून घेतलं. विहीणबाईंनी पाहिलं. त्यानंतरचं वळण त्यांनी जरा जोरातच घेतलं.