खर्र्यातलं हाड

माझा चहा जरा निवू द्या, गरम आता झेपत नाही. का झेपत नाही, त्याचाच तर हा किस्सा! हसायचं तेवढं हसा, फक्त आमच्या हिच्यासमोर विषय काढू नका.

तर मी खर्रा सोडला होता. म्हणजे घरात सोडला होता! नागपूरच्या माणसाला खर्रा सोडायला कितीसा वेळ लागतो? देवासमोर हात जोडून शपथ घेतली की झालं. पानठेला काही देवघरातून दिसत नाही. चुना लावून घोटलेल्या त्या सुपारी-तंबाखूची पन्नी मी कूलरच्या स्टँडमागे लपवायचो.

त्यात चौकातल्या पाणीपुरीवाल्याशीही माझं वाजलेलं. हा माणूस पुऱ्या मोठ्या करायला लागला होता हो! पूर्वी अख्खी पुरी तोंडात जायची, आता अडकायला लागली. मी त्याला चारचौघांत झापलं होतं. हे लक्षात ठेवा.

त्या रविवारी दुपारी ही झोपलेली. मी पन्नी काढली, चिमूटभर खर्रा तोंडात टाकला. एकदम फिका! चुना कमी. आता घरात चुना कुठून आणायचा? तेवढ्यात टेबलावर एक छोटी बाटली दिसली. खाली पांढरा गाळ, वर स्वच्छ निवळी. चुना दुसरा कसा दिसतो, सांगा! वर चिकटवलेल्या कागदावर भलंमोठं इंग्रजी नाव होतं, पण पहिला शब्द कॅल्शियम. चुन्यात कॅल्शियम असतं, हे मी शाळेत शिकलोय. शिक्षण असं कामी येतं! काडीनं गाळ काढला, तळहातावर खर्र्यात घोटला आणि गालात दाबला. झणका काहीच नाही. म्हटलं, चुन्यातही भेसळ!

इतक्यात प्राजक्ता बाहेर आली. ही माझी भाची. आमच्याकडे राहून दातांच्या औषधांवर संशोधन करते.

"मामा, इथली माझी बाटली पाहिली काय?"

बाटली माझ्या खिशात, खर्रा गालात. मी नुसती मान हलवली. आवाजानं आमची ही उठून आली.

"कायची बाटली वं?"

"हाडाची, मामी. आपल्या हाडात जे असते ना, तेच लॅबमध्ये बनवून पाण्यात सोडलं आहे. कण इतके बारीक, की एकेक डोळ्याले दिसत नाही. जबड्याचं हाड झिजलं की तिथं हे भरायचं. त्याच्या आधारानं नवीन हाड येते."

"अवं माय! आपोआप?"

"हो ना. जिथं भरलं तिथं."

जिथं भरलं तिथं! आणि मी कुठं भरलं होतं?

"तुम्ही काहून बोलत नाही जी?" हिनं विचारलं. मी "हूं" केलं आणि न्हाणीघरात पळालो. थुंकलो, चुळांवर चुळा भरल्या. आरशासमोर तोंड उघडलं, तर उघडेना! अर्ध्यावर येऊन गच्च. बोटानं गाल चाचपला. आत दोरीसारखं काहीतरी कडक लागलं. हाड! खरं सांगतो, इतका मी जन्मात घाबरलो नव्हतो. आता तोंड कायमचं बंद होणार, नळीनं वरण पाजावं लागणार, आणि कारण विचारलं तर सांगायलाही तोंड नाही!

बाहेर येऊन बाटली टेबलावर ठेवली. "मी हे खाल्लं."

"कशात?" हिनं विचारलं.

"खर्र्यात."

प्राजक्ता पांढरीफटक पडली. "मामा, हे खायचं नसते ना! चला, उठा." ती ओळखीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन निघाली. ऑटोत हिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नुसता माझा हात धरून बसली होती, आणि तिचा हात गार पडला होता.

डॉक्टरीणबाईंनी बाटली पाहिली, प्राजक्ताला दोन प्रश्न विचारले आणि हसल्या. "काका, एवढ्यानं काही होत नाही. गालात असं हाड उगवत नसते."

माझा जीव भांड्यात पडला.

"आता तोंड उघडा. तीन बोटं उभी घाला."

दोन गेली. तिसरं बाहेरच राहिलं. बाईंचं हसू थांबलं.

"तिखट झोंबते?"

झोंबतं? अहो, वर्षभर मी हिच्याशी भांडत होतो, की तू भाजीत मिरची जास्त घालतेस!

"हे आजचं नाही, काका. खर्रा खाऊन खाऊन गाल आतून आखडला आहे. उद्या गालातला एक बारीक तुकडा तपासायला काढू. आजपासून खर्रा बंद, म्हणजे खरंच बंद. बाटलीतलं सोडा, तुमच्या तोंडात आजवर गेलं त्यात तेवढंच निरुपद्रवी होतं."

माझा भांड्यात पडलेला जीव भांड्यासकट गडगडला.

परतताना चौकात हिनं ऑटो थांबवला. दुपारपासून काही खाल्लेलं नव्हतं तिनं. पाणीपुरीवाल्यानं मला पाहिलं आणि आधीच हात जोडले. शेजारी एक चिमुरडी अख्खी पुरी गट्ट करून दुसरीसाठी द्रोण पुढे करत होती.

"काका, आईची शपथ, पुरी तेवढीच आहे!"

"माहीत आहे गा," मी म्हटलं. "मले फोडून दे."