ओल्या कातळावर नापास

माणसाच्या तोंडाकडे न बघता नुसत्या पायांवरून त्याची कुंडली मांडणारा माणूस जुन्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा तो पालघरच्या वाट्याला आला. हे माझे व्याही. ते माझ्या मुलीला बघायला डहाणूजवळ मसोलीला आमच्या घरी आले, ती आमची पहिली भेट. मी दारात हात जोडून उभा, आणि हे वाकून माझी चप्पल उलटी करून बघताहेत! मला वाटलं, अंगणातलं काहीतरी त्यांच्या पायाखाली आलं. मान वर करून म्हणाले, "तुमची डावी टाच बाहेरून झिजते. कंबर दुखते ना?" कंबर चार वर्षं दुखत होती. दोन डॉक्टर झाले होते, एक मालिशवाला झाला होता, आणि हा पाहुणा उंबरठ्याबाहेरूनच निदान करून मोकळा. मुलीला त्यांनी एकच प्रश्न विचारला, "चालायला आवडतं का, बेटा?" ती हो म्हणाली आणि स्थळ पक्कं झालं. विहीणबाई पुढे एकदा मला म्हणाल्या, "तुमच्या पोरीला निदान विचारलं तरी. मला बघायला आले तेव्हा नुसते माझ्या पायांकडे बघत बसले. माझा बाप बिचारा सगळ्यांना सांगत सुटला, मुलगा फार लाजाळू आहे."

व्याह्यांनी तीस वर्षं आरोग्य सेवक म्हणून तलासरीच्या पूर्वेकडचे पाडे पायांनी मोजले. खांद्याला पिशवी, पिशवीत काचपट्ट्या, सुया, कापूस आणि हिवतापाच्या गोळ्या. घरोघरी जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. पोरं त्यांना बघून पळायची आणि हे त्यांच्यामागे पळायचे. धावण्याचा नाद कसा लागला असं कुणी विचारलं तर ते मनापासून सांगत, "पोरांनी लावला." सरकारने त्यांना निवृत्त केलं, पण पायांना तसा लेखी आदेश कुणी दिला नव्हता. पहाटे उठून ते झरी गावाजवळच्या आपल्या घरामागची टेकडी धावत चढत, पलीकडे उतरत आणि तिसऱ्या पाड्यावर चहा पिऊन परत येत. पायांत टायरच्या सोलची चप्पल, नाहीतर काहीच नाही. २०१५ मध्ये लग्न झालं त्या सकाळी मुलाकडचे सगळे आले, नवरदेव आला, नवरदेवाचा बाप कुठे दिसेना. भटजी घड्याळ बघताहेत, माझी बायको माझ्याकडे बघते आहे. मुहूर्ताला पाऊण तास असताना हे मागच्या बाजूने कार्यालयात शिरले, गुडघ्यापर्यंत लाल धुळीने माखलेले, आणि हात न धुताच माझा हात हातात घेऊन म्हणाले, "व्याही, तुमच्या डहाणूचा रस्ता फार सपाट. पायांना काही कामच नाही."

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, ठाण्यातल्या एका छोट्या बूट कंपनीत इंजिनिअर. बापाने जन्मभर पाय बघितले, मुलाने बूट करायला घेतले, तेव्हा ही वंशपरंपराच म्हणायची. लग्नानंतर वर्षभराने त्याच्याकडे एक मोठं काम आलं: डोंगरवाटांवर धावायचा, वजनाला अगदी हलका बूट. बूट तयार झाला, आणि बाजारात आणण्याआधी तो दहा जणांना वापरायला द्यायचा असं ठरलं. नऊ जण मुंबई-पुण्याचे हौशी धावपटू होते. दहावा खरोखर डोंगरात राहणारा कुणीतरी हवा होता. जावई एका रविवारी निळ्या रंगाचा एक जोड घेऊन घरी गेला आणि बापापुढे ठेवून म्हणाला, "आप्पा, तीन महिने वापरा आणि कसा वाटतो ते लिहून द्या." एवढ्या साध्या वाक्याने आम्हा दोन घरांची झोप उडेल असं त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

कारण व्याह्यांना एखादी गोष्ट तपासायला देणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सोपवण्यासारखं. फरक एवढाच, की हे भांडंसुद्धा तपासणार. पहिल्याच आठवड्यात ते बूट घेऊन माझ्याकडे आले आणि माझ्या वाडीतले चिकू मागितले. मला वाटलं, खायला. त्यांनी तराजूच्या एका पारड्यात उजवा बूट ठेवला, दुसऱ्यात चिकू, आणि वहीत लिहिलं, "वजन अडीच चिकू." ग्रॅममध्ये का नाही लिहीत, असं मी विचारलं, तर म्हणाले, "ग्रॅम कुणी हातात धरलाय? चिकू सगळ्यांनी धरलाय." वही म्हणजे त्यांच्या नोकरीतल्या जुन्या छापील तक्त्यांचा गठ्ठा होता. उरलेले कागद वाया कशाला घालवायचे? त्यामुळे नोंदी अशा झाल्या: रुग्णाचे नाव, डावा बूट. वय, नऊ दिवस. ताप, दुपारी दोननंतर आतून येतो. थंडी, नाही. इतर तक्रार, चवड्यापाशी बारीक खडे गिळतो आणि परत देत नाही. त्यांनी बुटात तांब्याभर पाणी ओतून ते किती वेळात निथळतं ते बघितलं. भाताच्या खाचरांच्या बांधावरून धावले, करवंदीच्या जाळीतून धावले, ओहोटी लागताना डहाणूच्या किनाऱ्यावर धावले, आणि या शेवटच्या कामाला हातात घड्याळ देऊन मला उभं केलं. मी वयाने त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा, मुलीचा बाप असलो तरी वयाचा मान मला मिळायला हवा, आणि मी सुरूच्या झाडाखाली उभा राहून ओरडतोय, "चार मिनिटं! व्याही, चार मिनिटं झाली!" येणारेजाणारे थांबून बघत होते.

आराम तपासायला तर ते बूट घालून ग्रामसभेला जाऊन बसले. त्यांचं म्हणणं असं, की धावताना कुठलाही बूट बरा वाटतो, कारण लक्ष वाटेवर असतं. पाय खरं बोलतात ते माणूस कंटाळला की. सभा साडेतीन तास चालली. नोंद झाली, "करंगळीला त्रास नाही. अध्यक्षांच्या भाषणातही नाही." एका शेळीने नाडी खाल्ली, तर नाडी बदलायला किती वेळ लागतो याचीही नोंद झाली. विहीणबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बुटाचं एवढं करतात. माझ्या पाठीत उसण भरली तेव्हा म्हणाले, होईल बरं."

तरी खरं सांगतो, त्या बुटांवर त्यांचा जीव बसला होता. पहिल्या दोन महिन्यांचे तक्ते मी वाचले आहेत. टाच घट्ट बसते. चढावर पाय थकत नाही. उतारावर अंगठा पुढे आपटत नाही. एका ठिकाणी तर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "पायात आहे हे विसरलो." पोराने केलेली वस्तू चांगली निघाली याचा आनंद या माणसाने इतक्याच शब्दांत व्यक्त केला होता. मुलाला तोंडावर चांगलं म्हणायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती.

आणि मग पावसाळा आला. टेकडीच्या पलीकडे एक ओहोळ आहे. उन्हाळ्यात त्याची आठवणही राहत नाही, श्रावणात तो गुडघाभर वाहतो आणि त्याच्या काठचा काळा कातळ शेवाळाने बुळबुळीत होतो. तिथे व्याह्यांचा पाय सरकला. कोपर सोललं. दुसरा कुणी असता तर घरी येऊन हळद लावून बसला असता. यांनी तिथेच बूट काढले आणि तो कातळ अनवाणी ओलांडला. मग पिशवीतली टायरची चप्पल घालून ओलांडला. मग पुन्हा बूट. असं सहा वेळा. सहाही वेळा बूट सरकला. चप्पल एकदाही सरकली नाही. तक्त्यावर त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, "ओल्या कातळावर नापास. या बुटाने पावसाळ्यात डोंगरात जाऊ नये."

पंचाईत अशी, की बाकी नऊ जणांनी बुटाला डोक्यावर घेतलं होतं. मुंबई-पुण्याच्या धावपटूंना शेवाळ भेटलंच नव्हतं. दिवाळीत बूट दुकानांत यायचा होता, जावयाची बढती त्यावर अवलंबून होती आणि माझ्या मुलीला तेव्हा सातवा महिना होता. तिचा मला फोन आला, "बाबा, हे दोन दिवस जेवले नाहीत. कंपनीत साहेब म्हणतात, तुझा बापच तुझा बूट पाडतो का? तुम्ही आप्पांना समजावा ना. एवढं एक वाक्य थोडं मऊ करा म्हणावं." मुलीच्या बापाने व्याह्यांना समजावणं म्हणजे काय, हे ज्याला मुली आहेत त्यालाच कळेल. तरी मी जीप पकडून गेलो. चहा झाला. मी घसा साफ करून म्हटलं, "व्याही, नापास लिहायच्या ऐवजी 'जपून वापरावा' असं लिहिलं तर?"

त्यांनी रिकामा कप हातात फिरवला. मग म्हणाले, "तुम्हाला एक सांगतो. नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. याच ओहोळापलीकडे तेव्हा एकच घर होतं. पाणी भरलेलं, कातळ असाच निसरडा. मला पलीकडे जायची भीती वाटली. मी अलीकडूनच हाक मारली, कुणाला ताप आहे का? पलीकडून कुणीतरी हात हलवला. मी लिहिलं, ताप नाही. आठ दिवसांनी त्या घरातल्या बाईला झोळीत घालून आणली. तापाने बेशुद्ध. वाचली, पण तिच्या पोटातलं मूल गेलं." त्यांनी कप खाली ठेवला. "ती मला कधी काही बोलली नाही. रस्त्यात भेटली की हसते. त्या दिवसापासून मी जे बघितलं नाही ते लिहीत नाही, आणि बघितलं ते खोडत नाही. उद्या कुणी सेवक, कुणी आशाताई हा बूट घालून तिथून जाईल. बूट घातलाय म्हणून जाईल. नाहीतर गेली नसती."

मी परत आलो. मुलीला फोन करून एवढंच म्हटलं, "त्यांचं बरोबर आहे." तिने फोन ठेवून दिला.

तिकडे दीड महिना व्याही आणि जावई एकमेकांशी बोलले नाहीत. गणपतीला जावई घरी गेला नाही. मग एका रविवारी सकाळी तो मोटारसायकलवरून आधी माझ्याकडे आला, मला मागे बसवलं आणि थेट झरीला जाऊन अंगणातूनच म्हणाला, "आप्पा, दाखवा कुठे." तिघे टेकडी ओलांडून गेलो; मी कसा गेलो ते माझ्या कंबरेला विचारा. जावयाच्या पायांत तोच निळा बूट. ओहोळाच्या काठाशी तो थोडा थांबला आणि धावत कातळावर चढला. चौथ्या पावलाला दोन्ही पाय वर गेले आणि तो कमरेइतक्या पाण्यात बसला. मी ओरडलो. व्याही हसले नाहीत. पाण्यात उतरून त्यांनी हात दिला.

"लागलं?"

"नाही."

"मग आता ही घालून जा." आणि स्वतःच्या पायांतली टायरची चप्पल काढून त्याच्यापुढे ठेवली.

जावई चप्पल घालून पलीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. मग ओल्या कपड्यांनिशी दगडावर बसून ती चप्पल उलटी करून कितीतरी वेळ बघत राहिला. नखाने रबर दाबून बघितलं, खाचांवरून बोट फिरवलं. अगदी बापासारखा. "रबर मऊ आहे," तो पुटपुटला. "आम्ही वजन वाचवायला कडक आणि पातळ घेतलं."

"हलकं चांगलंच आहे," व्याही म्हणाले. "पण माणूस घरी परत आला पाहिजे ना?"

दिवाळीत बूट आला नाही. जावयाने कंपनीत सगळं जसं घडलं तसं सांगितलं. बढती त्या वर्षी दुसऱ्याला मिळाली. घरात नात आली, तिच्या बारशाला व्याह्यांनी आधी तिचे तळवे बघितले आणि म्हणाले, "ही धावणार." पुढच्या पावसाळ्यात नव्या सोलचा जोड आला. आम्ही पुन्हा ओहोळावर. व्याह्यांनी सात फेऱ्या मारल्या, जावई काठावर श्वास रोखून उभा. सातव्या फेरीनंतर त्यांनी तक्ता मांडीवर घेतला आणि लिहिलं, "वजन तीन चिकू. ओल्या कातळावर पास." जावयाने वाचलं आणि तोंड फिरवून पाण्याकडे बघत बसला. "नाडी अजून लांब आहे," व्याही म्हणाले, "शेळी खाते."

त्या बुटाने त्यांना पुष्कळ साथ दिली. तलासरी-डहाणूत भूकंपाचे धक्के बसू लागले त्या हिवाळ्यात लोक घरं सोडून अंगणात ताडपत्र्या बांधून राहत होते. व्याही रोज सकाळी निघत, पाड्यापाड्यांवर जाऊन कुठल्या भिंतीला तडा गेलाय, कुठला म्हातारा हट्टाने आतच बसून आहे, ते बघत, त्याला हाताला धरून बाहेर आणत आणि परत येऊन तलाठ्याला यादी देत. कुणी सांगितलं नव्हतं. वय चौसष्ट. होळीपर्यंत हे चाललं, आणि होळीनंतर त्यांचा उजवा गुडघा एवढा सुजला की डॉक्टरांनी धावणं कायमचं बंद केलं. मी भेटायला गेलो तर बूट धुऊन उन्हात ठेवलेले. म्हणाले, "बूट पास झाला, व्याही. गुडघा नापास."

मला वाटलं होतं, हा माणूस आता खचेल. तसे ते थोडे गप्प झालेच. रस्त्याने कुणी धावत गेलं की वाक्य अर्धं टाकून त्याच्या पायांकडे बघत राहत.

२०१९ च्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. जावई आला होता. पाऊस उघडला तसा तो बूट घालून टेकडीकडे निघाला. आम्ही दोघे मागच्या पडवीत बसलो. भाताची रोपं लावून झाली होती. बांधावरून तो हिरव्यात दिसत, लपत वर चढत होता. व्याही हातातली काठी बाजूला ठेवून पुढे झुकले. अर्ध्या टेकडीवर त्याने वाट सोडून उभा चढ घेतला, तेव्हा यांची बोटं मांडीवर हलायला लागली, जणू त्याची पावलं हे मोजत होते. तो माथ्यावर पोचला, क्षणभर आभाळासमोर उभा दिसला आणि पलीकडे उतरला.

"चांगला धावतो," व्याही माझ्याकडे न बघता म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला. टाच टेकवत नाही."

"सांगा की त्याला," मी म्हटलं.

"छे." ते काही वेळ रिकाम्या टेकडीकडे बघत राहिले. "तुम्ही सांगा कधीतरी. मी गेल्यावर."

मी हो म्हटलं. आतून विहीणबाईंनी जेवायला हाक मारली, पण तो परत माथ्यावर दिसेपर्यंत आमच्यातलं कुणीच उठलं नाही.