पातोडी पुन्हा मागण्याचा रिवाज

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. पंगतीत तिच्या मामेसासऱ्यांच्या पानात पातोडीचा रस्सा पडला, पातोडी पडली नाही. बेसनाच्या वड्या आधीच्या पंगतीतच संपल्या होत्या. मामाजी पानावरून उठले, पाठोपाठ त्यांची भावकी आणि बहिणीच्या सासरचे सारे उठले. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणंजाणं, चहापाणी बंद.

बहिणीला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, आसगावला व्हायला हवं, म्हणून आईचा जीव खालीवर. मी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना निरोप धाडले आणि लाखांदूरला, दोघांच्याही सोयऱ्याच्या अंगणात बैठक ठरवली. दोन्ही बाजू पिण्याचं पाणी घरून घेऊन आल्या. आपल्या मडक्याला कोणी हात लावत नाही म्हणून घरमालकच रुसला. आधी त्याची समजूत काढली.

मग म्हाताऱ्यांनी रिवाज सांगितला. चुकलेल्यांनी आपल्या हाताने वाढायचं आणि रुसलेल्याने तोंडाने पुन्हा मागायचं. मागितलं की भांडण मिटलं. नाही मागितलं, तर सासरच्यांसोबत आलेली बहीण आल्या पावली परत.

स्वयंपाक माझ्याकडे होता. यावेळी कमी पडू द्यायचं नाही, एवढं पक्कं होतं. पहिल्याच वाढपात मी मामाजींचं पान पातोड्यांनी भरलं. मग वडील, काका, भाऊ, सगळ्यांनी आग्रह केला. अन्न टाकायचं नाही म्हणून मामाजींनी घामाघूम होत सगळं संपवलं. आता ते मागतील म्हणून सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसले.

"मांगू कसा?" ते हळूच म्हणाले. "जागाच नाही राहिली ना."

उठावं तर पुन्हा पानावरून उठले असं झालं असतं. ते बसून, म्हणून सारी पंगत बसून. जरा सैल होऊन बसलं तर चालेल का, यावर म्हाताऱ्यांची वेगळी चर्चा झाली. तेवढ्यात शेवटची एसटी निघून गेली.

अखेर सासरच्या बायकांमधून बहीण बोलली. "मांगून टाका ना, मामाजी. मले माहेरी जाऊन झोपाचं आहे."

मामाजींनी माझ्याकडे बघून डोळे मिटले. "वाढ बाई. अर्धीच वाढजो."

बहिणीला आम्ही त्यांच्याच जीपने आसगावला आणलं. मामाजी पुढे बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला हळू चालव म्हणत होते. बहिणीसाठी की स्वतःसाठी, ते विचारायची सोय नव्हती.