फरशीच्या सांध्यातली घोळ

मामांच्या पाठीवर सकाळी तणनाशकाचा पंप चढायचा आणि मामींच्या खांद्यावर कापडी पिशवी. फुटपाथच्या फटींत उगवलेलं एकानं मारायचं, दुसरीनं खुडून आणायचं. "तुमच्या हातून सुटलेलं तेवढंच आपल्या पोटात," मामी म्हणायच्या. स्वतःचं मूल नव्हतं, पण वस्तीला ते दोघं मामा-मामीच होते.

मामींना गल्ल्या फटींवरून ओळखू यायच्या. पाय पडतात तिथं जमिनीला चिकटून राहणारं गवत. झाडू पोचत नाही अशा भिंतीच्या कडेला उंच, काटेरी काहीबाही. एसीचं पाणी ठिबकतं तिथं शेवाळ. आणि उन्हानं तापलेल्या फरशांच्या सांध्यात, चिमूटभर धुळीवर, लाल देठांची, जाड पानांची घोळ. खुडावी तितकी फुटणारी. मामी तिचीच भाजी करायच्या.

घरात एक रीत होती. निघताना मामा दारातून त्या दिवशीची गल्ली सांगत. मामी मग तिकडं बरेच दिवस फिरकत नसत.

"आज शाळेची गल्ली," त्या दिवशी मामा म्हणाले.

"मग मी छापखान्यामागं जाते. पोरीला डॉक्टरनं पालेभाजी खायला सांगितलीय."

पोर म्हणजे खालच्या मजल्यावरची भाडेकरीण. पोटुशी होती, आणि मामींचा सगळा जीव तिच्यात.

शाळेपाशी मुकादम वाट अडवून उभाच होता. "आत पाहुणे यायचेत. वास नको म्हणतात. तू छापखान्यामागं घे."

"आणि निळा रंग?" फवारलेली जागा दिसावी म्हणून औषधात रंग मिसळत.

"संपलाय. मार तसंच. तण काय रंग बघून मरतंय?"

मामींना कळवायला हवं, हे मामांच्या मनात आलं. पण हातात मोजे, तोंडाला मास्क, पाठीवर भरलेला पंप. हा पंप संपला की करू. तो संपला, दुसरा भरला. दुपारी मास्क काढून त्यांनी डबा उघडला. आत कालची घोळीची भाजी होती.

त्यांनी मामींना फोन लावला. तो वाजत राहिला. मामींचा फोन नेहमी फळीवर, चार्जरला. मामा डबा तसाच टाकून निघाले.

"एवढ्यात कसे हो?" मामी कपडे वाळत घालत होत्या.

"भाजी कुठंय?"

"खाली दिली सगळी. एवढीशी तर मिळाली. का?"

मामा तसेच जिना उतरले. पोरीनं दार उघडलं. "वाटी न्यायला आलात ना? घासून ठेवलीय. मामींना सांगा, चाटूनपुसून खाल्ली."

मामांना सांगावं लागलं. तिचा नवरा आतून बाहेर आला. सगळं ऐकून म्हणाला, "आम्ही तर तुम्हाला माळी समजत होतो."

दवाखान्यात डॉक्टरनं औषधाचं नाव विचारलं, तपासलं. आज त्रास दिसत नाही. लक्ष ठेवा, पुन्हा दाखवा. मग मामींकडे वळून, "तुम्ही भाजी कधी खुडलीत?"

"भांडी घासून झाल्यावर."

"आणि तुम्ही फवारलं कधी?"

"शाळेकडून परत फिरल्यावर."

कोण आधी गेलं होतं, ते दोघांनाही सांगता येईना. गल्ली वळणाची, पलीकडचं माणूस दिसत नाही, आणि कडक ऊन. फवारा पडला की क्षणात वाळत होता.

मामींनी पिशवी खिळ्याला लावली. सकाळी मामा दारात थांबत, मग काही न सांगताच निघत. मामी खाली जाऊन एवढंच विचारत, "हललं का गं?" पोर पोटावर हात ठेवून म्हणे, "हललं." तिचा नवरा जिन्यात मामांना वाट द्यायचा, पण नजर देत नसे.

पुढच्या आठवड्यात, पोरीला पुन्हा दाखवायच्या दिवशी, मामा कामाला निघाले तशी मामींनी चप्पल घातली. "मला ती गल्ली दाखवा."

छापखान्यामागं सगळं पिवळं पडलं होतं. गवत भुशासारखं, काटेरी झाडं वाकलेली. मामी वळणापाशी थांबल्या. "इथली खुडली होती मी."

बोटभर देठ उरले होते. मामा गुडघ्यांवर बसले. प्रत्येक देठाच्या बगलेत तांदळाएवढं हिरवं पान होतं.

त्यांनी शेजारची, न खुडलेली घोळ ओढली. ती लिबलिबीत होऊन हातात आली, मूळ काळं पडलेलं. पुन्हा त्यांनी खुडलेल्या देठांकडे पाहिलं. एक हलकेच ओढून पाहिला. निघेना.

"औषध पानांवर पडतं, तिथून मुळात उतरतं," ते सावकाश म्हणाले. "मी आलो तेव्हा हिला पानंच नव्हती."

"नीट सांगा हो. जीव टांगणीला लागलाय."

"नंतर खुडली असतीस, तर ही पण मेली असती. तू आधी येऊन गेली होतीस."

मामी फुटपाथवरच बसल्या. मग म्हणाल्या, "यापुढं गल्ली बदलली की आधी फोन. मास्क मागाहून."

"आणि तू उचलणार?"

मामींनी मूठ उघडून दाखवली. फोन हातातच होता, घामानं ओला झालेला. आपली सावली त्या कोवळ्या पानांवर पडतेय हे बघून त्या जराशा सरकल्या आणि पोरीचा नंबर लावला.